गोवा पुराभिलेखागार
पोर्तुगीज अमदानीतील कागदपत्रांचा पणजी येथील संग्रह. पश्चिम किनाऱ्याच्या सागरी इतिहासाचे हे एक प्रमुख साधन होय. स्पेन व पोर्तुगाल यांचा राजा दुसरा फिलिप याच्या आज्ञेने १५९५ मध्ये त्याची स्थापना झाली. इतिहासकार दियोगू दू कोतू हा त्याचा पहिला अभिलेखपाल होता.

लिस्बन व गोवा यांमधील पत्रव्यवहार मोसमी वाऱ्यांवर येणाऱ्या-जाणाऱ्या जहाजांतून होई. म्हणून त्या पत्रांच्या मालिकेस ‘मोन्सोंइश दु रैनु’ असे नाव पडले. तिचे ६२ खंड १७७७ मध्ये लिस्बनला नेण्यात आले. शेजारच्या राजांशी झालेल्या पत्रव्यवहाराच्या स्वतंत्र मालिकेत मराठे, सावंतवाडीकर, सौंधेकर इत्यादींविषयी माहिती मिळते. सागरी व्यापाराच्या दृष्टीने कार्ताझ म्हणजे परवान्यांच्या नोंदी विशेष महत्त्वाच्या आहेत. जहाज, तांडेल, शस्त्रे, माल व गंतव्य बंदर यांचा तपशील परवान्यात असे. परवान्यावाचून जाणारे जहाज पोर्तुगीज जप्त करीत.

पांडुरंग पिसुर्लेकर (१८९४–१९६९) यांनी सुमारे तीन दशके या संग्रहाची व्यवस्था लावली आणि १९५५ मध्ये त्याची मार्गदर्शिका प्रसिद्ध केली. १९६१ मध्ये गोवा मुक्त झाल्यावर संग्रह भारतीय शासनाकडे आला.

मराठी आरमाराची स्वतःची दप्तरे त्रुटित असल्याने या कागदांवाचून त्याचा इतिहास पुरा होत नाही. तथापि ते प्रतिस्पर्ध्याने लिहिलेले आहेत. त्यांत मराठी गलबतांना ‘चाचे’ म्हटले, तरी ते मत होय, पुरावा नव्हे. म्हणून पेशवे दप्तर व मुंबईच्या इंग्रजी दप्तराशी ताडूनच त्यांचा उपयोग करणे इष्ट ठरते.