कृष्णेचं पाणी आणि भिजलेले संगणक

स्मरणिकेसाठी ‘तुझ्या क्षेत्राचा थोडा इतिहास लिही, पण आपल्या भागाला धरून’ असं मला सांगण्यात आलं. संगणकाचा इतिहास म्हटलं की लोक अमेरिकेपासून सुरुवात करतात. मी सांगलीपासून करते.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णेची पातळी ५७ फुटांच्या वर गेली. तिथली धोक्याची पातळी ४५ फूट आहे. २००५ सालीही पाणी गावात शिरलं होतं, २०२१ ला पुन्हा शिरलं. आजी-पणजीकडून ऐकलेल्या पुरांच्या गोष्टींत धान्याची पोती, गुरं आणि भांडी वाहून जात. या तीन पुरांत त्यांच्या जोडीला दुकानांतले, दवाखान्यांतले, पतसंस्थांतले आणि शाळांतले संगणकही चिखलात सापडले.

आपला तालुका तसा पाण्याच्या टंचाईचा. २०१६ मध्ये पहिला वॉटर कप आपल्याच वेळू गावानं जिंकला, तो पाणी अडवून. पण तिळगंगेचं पाणीसुद्धा शेवटी कृष्णेलाच मिळतं, आणि आपल्यापैकी निम्म्यांचं माहेर, सासर नाही तर आजोळ कऱ्हाड-सांगलीकडे आहे. त्यामुळे हा विषय आपल्या घरचाच.

संगणक आपल्याकडे आला तो देवघरातल्या मूर्तीसारखा. मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेनं बांधलेला ‘टिफ्रॅक’ १९६० मध्ये सुरू झाला. त्यात सुमारे २,७०० व्हॉल्व्ह होते. अशा यंत्रांची मुख्य काळजी उष्णतेची आणि दमट हवेची, म्हणून वातानुकूलित खोली आणि मोजक्या माणसांना प्रवेश. पुढे १९८४ मध्ये केंद्र सरकारच्या ‘क्लास’ प्रकल्पातून देशातल्या काही शाळांत बीबीसी मायक्रो संगणक आले. शाळांनी यंत्राबरोबर ती शिस्तही उचलली. आपल्या वेळची खोली आठवा: चपला बाहेर, पाण्याची बाटली बाहेर, यंत्रावर प्लास्टिकचं झाकण आणि बोट लावण्याआधी सरांची परवानगी. त्या शिस्तीतून एक समजूत मनात बसली, की पाण्याचा थेंब लागला की संगणक संपला.

अभियंत्यांना यातलं खरं कारण फार आधी कळलं होतं. १९५५ साली अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेच्या संशोधकांनी टेलिफोनच्या साहित्यातल्या चांदीवर एक अभ्यास प्रसिद्ध केला. दमट हवेत, विजेचा दाब असताना, चांदी एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे सरकते आणि शेवटी दोन्ही टोकं जोडून टाकते, असं त्यांना दिसलं. आजच्या मदरबोर्डवर तांब्याचंही तेच होतं. केसाएवढ्या अंतरावरच्या दोन रेषांवर ओल पसरली आणि वीज चालू असली, की धातू विरघळून पलीकडे जातो आणि झाडाच्या मुळांसारखे बारीक तंतू तयार होतात. म्हणजे गुन्हा ओल आणि वीज या जोडगोळीचा आहे. अगदी शुद्ध पाणी विजेचं वाहन फार कमी करतं. पुराच्या पाण्यात क्षार, माती, गटार सगळंच असतं, त्यामुळे ते चांगलं वाहक होतं.

चहाचं प्रकरण आणखी वाईट, आणि आपण साखर कारखान्यांच्या पट्ट्यातली माणसं, चहा गोडच पितो. पाणी उडून जातं, साखर आणि दूध मागे राहतं. साखर हवेतली ओल ओढते. म्हणून मे महिन्यात चहा सांडलेला लॅपटॉप पुसल्यावर नीट चालतो आणि जुलैत बंद पडतो. मग आपण म्हणतो, ‘काही केलं नव्हतं, आपोआप गेला.’

आता मला सगळ्यात गमतीची वाटणारी गोष्ट. कारखान्यात सर्किट बोर्ड तयार झाला की त्यावरचा डाखकामाचा फ्लक्स धुवावा लागतो. त्यासाठी अनेक वर्षं सीएफसी-११३ नावाचं द्रव्य वापरत. ते वीज वाहत नसे आणि चटकन उडून जाई. पण अशी द्रव्यं ओझोनचा थर खातात हे उघड झालं, १९८७ मध्ये माँट्रियल करार झाला आणि १९९२ मध्ये भारतही त्यात आला. पर्याय शोधताना उद्योगानं अनेक ठिकाणी क्षार काढून टाकलेलं पाणीच निवडलं. ज्या पाण्याला आपण शाळेत घाबरत होतो, त्याच पाण्यानं बोर्ड धुतले जाऊ लागले. पुढे तर पुण्याच्या आयसरमधला ‘परम ब्रह्म’ हा महासंगणक द्रवानं थंड ठेवण्याच्या पद्धतीचा आला, आणि साल तेच, २०१९.

मधल्या काळात यंत्रं बनवणाऱ्यांनीही माणसाचा हात सुटतो हे मान्य केलं. कीबोर्डना खालून निचऱ्याची भोकं आली. २००७ मध्ये रायगड जिल्ह्यात कर्जतजवळच्या खैराट गावातल्या शाळेत मुलांना छोटे हिरवे-पांढरे लॅपटॉप दिले गेले, त्यांचा कीबोर्ड रबराचा, सलग, बंद. मुलं यंत्र घरी नेणार, चुलीजवळ आणि अंगणात बसणार, हे आधीच गृहीत धरलेलं. मला हा विचार वातानुकूलित खोलीपेक्षा जास्त शहाणपणाचा वाटतो.

तरी पूर आला की जुनीच पद्धत चालते: उन्हात वाळवा आणि चालू करून बघा. माझ्या मामेभावाचं सांगलीत औषधांचं दुकान आहे. २०१९ ला त्याचे दोन संगणक बुडाले. एक त्यानं गच्चीवर दोन दिवस वाळवला आणि बटण दाबलं. ठिणगी, वास, संपलं. दुसऱ्याकडे बघायला कुणाला वेळच नव्हता, म्हणून तो तसाच चिखलाचा माझ्यापर्यंत आला. आधी मदरबोर्डवरचा नाण्याएवढा सेल काढला. वायर काढली तरी हा सेल थोडी वीज देत राहतो आणि गंज चालू ठेवतो, हे फार जणांना माहीत नसतं. मग बोर्ड नळाखाली मऊ ब्रशनं धुतला आणि शेवटी इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालतात त्या डिस्टिल्ड पाण्यानं. पंख्याखाली पाच दिवस ठेवला. वीजपुरवठ्याचा डबा मात्र नवाच आणला, कारण तो उघडणं धोक्याचं असतं. यंत्र सुरू झालं.

हार्ड डिस्कला मात्र मी हात लावला नाही. तिला हवेसाठी बारीक भोक असतं, त्यातून चिखल आत जातो. तबकडी फिरली की तो चिखल सगळा मजकूर खरवडतो. ती वाळवायचीही नसते, कारण वाळलेला गाळ तबकडीला चिकटतो. ओली असतानाच पिशवीत बंद करून जाणकार प्रयोगशाळेत द्यायची. १९८६ च्या ‘चॅलेंजर’ अपघातानंतर सहा आठवडे समुद्राच्या पाण्यात राहिलेली ध्वनिफीत आयबीएमच्या तज्ज्ञांच्या मदतीनं ऐकता आली होती. आमची डिस्क पुण्याला दिली आणि उधारीची वही बहुतेक परत मिळाली. औषधाच्या दुकानात उधारीची वही म्हणजे काय, हे सांगायला नको.

तांदळाच्या डब्याचं काय, असं प्रत्येक जण विचारतो. तांदूळ आतला गाळ आणि साखर काढत नाही. फोन तांदळात ठेवू नका असं ॲपल कंपनीनंही २०२४ मध्ये सांगितलं. तो भातालाच ठेवा.

डिजिटल सहीचा सात-बारा २०१८ पासून ऑनलाइन मिळतो, म्हणून तलाठ्याचा संगणक बुडाला तरी जमीन कुणाची हा प्रश्न उरत नाही. पण क्लिनिकमधले रुग्णांचे कागद, दुकानाची वही, क्लासची फी, हे अजून टेबलाखालच्या एकाच डब्यात असतं, जमिनीपासून चार बोटं वर. सांगलीचं पाणी फुटाफुटानं चढतं आणि कोयनेतून किती विसर्ग सुटला याची बातमी त्याच्या आधी येते. चार वायरी काढून तो डबा दुसऱ्या मजल्यावर न्यायला दहा मिनिटं पुरतात. यंदा विसर्गाची बातमी आली की नदीकाठच्या आपल्या माणसांना फोन करताना, गुरं आणि कागदपत्रं हलवलीत का हे विचारून झालं, की हेही विचारा.