गुण, गरज आणि डिसेंबर

आपल्या जालना जिल्ह्यात चौथी-सातवीची ‘स्कॉलरशिप’ म्हणजे घराचा मान असायचा. 2016-17 मध्ये ती पाचवी-आठवीला गेली. तिथे भर मुख्यतः गुणांवर. 2008 मध्ये केंद्र सरकारने आठवीच्या मुलांसाठी एनएमएमएस आणली, तेव्हा गुणांच्या शेजारी गरज येऊन बसली. उत्पन्नाची मर्यादा, सरकारी किंवा अनुदानित शाळा, मग बौद्धिक क्षमता आणि शालेय क्षमता अशा दोन चाचण्या. निवड झाली की नववी ते बारावी वर्षाला 6,000 रुपये. 2017 पासून 12,000. आठवीनंतरची गळती थांबावी, हा हेतू.

हेतू चांगलाच. पण आपण जरा कॅलेंडर बघू या. परीक्षा बहुधा डिसेंबरात. आणि दिवाळीच्या सुमारास अंबड, घनसावंगी, मंठा भागातली कोयत्याची जोडपी ऊसतोडीला निघतात. कित्येकांची पोरंही सोबत. ज्याची गळती थांबवायची, तोच त्या रविवारी फडात वाढे बांधत असतो.

क्षमता असणं आणि ती दाखवायची संधी मिळणं, हा भेद आम्ही तत्त्वज्ञानाच्या वर्गात शिकवायचो. गुणपत्रिकेत तो दिसत नाही. म्हणून निकाल लागला की आपण यादीबरोबर रिकाम्या राहिलेल्या बाकांचीही चौकशी करू या.