पत्त्यांतून नशीब वजा केले तेव्हा

मेंढीकोटात हरलो की आपण म्हणतो, "पानंच आली नाहीत!" यावर १८५७ मध्ये लंडनमध्ये एक प्रयोग झाला. ब्रिजचा पूर्वज असलेल्या व्हिस्टमध्ये तेच वाटप दुसऱ्या टेबलावरही खेळवले गेले. डुप्लिकेट ब्रिज याच कल्पनेवर उभे आहे. तुलना होते ती तुमचीच पाने मिळालेल्या इतर जोड्यांशी. मग उरते स्मरणशक्ती, हिशोब आणि भिडूची समज. २०१८ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत प्रणब बर्धन यांनी वयाच्या ६० व्या वर्षी शिबनाथ सरकार यांच्या जोडीने भारताला सुवर्णपदक मिळवून दिले.

न्यूयॉर्कमधील ७५ वर्षांवरील ४६९ जणांचा अभ्यास २००३ मध्ये प्रसिद्ध झाला. पत्ते किंवा बैठे खेळ नियमित खेळणाऱ्यांत स्मृतिभ्रंश कमी आढळला. अर्थात, पत्ते म्हणजे औषध नव्हे; स्मृती मंदावू लागलेली माणसे आधीच खेळ सोडत असतील.

तरीही क्लबाचा एक फायदा नक्की: ठरलेला वार आणि वाट पाहणारा भिडू. हिंगोलीत मेंढीकोटाचाही असा वार ठरवता येईल, पैसे न लावता. आणि नेहमीचा भिडू हुकूम विसरू लागला, येणे टाळू लागला, तर हसण्यावारी नेऊ नका. त्याला डॉक्टरांकडे घेऊन जा.