एफएम प्रेषक, अल्पशक्ती
आवाजाच्या चढउतारानुसार वाहक तरंगाची कंप्रता बदलून थोड्या अंतरावर ध्वनी पोहोचवणारे छोटे उपकरण. एडविन आर्मस्ट्राँग यांना १९३३ मध्ये पेटंट मिळालेले एफएम तंत्र त्यामागे आहे. घरी जुळवलेल्या साध्या मंडलात एक ट्रँझिस्टर, मायक्रोफोन, तांब्याच्या तारेचे वेटोळे, बदलते धारित्र, ९ व्होल्टची बॅटरी आणि आकाशक म्हणून तारेचा तुकडा असतो. वेटोळे व धारित्र मिळून ८८ ते १०८ मेगाहर्ट्‌झमधील कंप्रता ठरवतात. मायक्रोफोनच्या संकेताने ट्रँझिस्टरची अंतर्गत धारिता बदलते आणि कंप्रता हलते. हात जवळ नेला किंवा बॅटरी उतरली तरी कंप्रता सरकते. भारतात परवान्याशिवाय प्रक्षेपण केंद्र चालवणे बेकायदा आहे. बिहारमधील मन्सूरपूरचे असे केंद्र २००६ मध्ये बंद करण्यात आले.