रॅमची विजोड जोडी

घरातील संगणक मंदावला की सर्वप्रथम सुचविला जाणारा उपाय म्हणजे रॅम वाढविणे. उपाय योग्य असला तरी तो नेहमीच स्वस्त पडतो असे नाही. २०२५च्या अखेरीस मेमरीचे दर जगभर झपाट्याने वाढले. अशा वेळी जुन्या संगणकातून काढलेली किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडसारख्या बाजारातून सुटी आणलेली स्टिक जोडून काम भागवावे, असा विचार होणे स्वाभाविकच. स्टिक बसते, संगणक सुरू होतो, वाढलेली मेमरीही दिसते. मात्र काही दिवसांनी काम करता करता पडदा निळा होतो, संगणक आपोआप बंद होऊन पुन्हा सुरू होतो, चांगली फाइल उघडेनाशी होते. संशय व्हायरसवर घेतला जातो, विंडोज नव्याने टाकली जाते आणि दुखणे कायम राहते. अशा वेळी दोष पुष्कळदा एकमेकींशी न जुळणाऱ्या दोन स्टिकमध्ये असतो.

विजोड कशाला म्हणायचे?

मेमरीच्या पिढ्या वेगवेगळ्या आहेत. ‘जेडेक’ या मानक संस्थेने डीडीआरचे मानक २००० मध्ये प्रसिद्ध केले. त्यानंतर डीडीआर२ (२००३), डीडीआर३ (२००७), डीडीआर४ (२०१२) आणि डीडीआर५ (२०२०) अशी मानके आली. एका पिढीची स्टिक दुसऱ्या पिढीच्या स्लॉटमध्ये चालत नाही. डीडीआर२ व डीडीआर३ या दोहोंना २४० पिना, तर डीडीआर४ व डीडीआर५ या दोहोंना २८८ पिना असतात. परंतु मधली खाच वेगळ्या जागी असते. स्टिक सहज बसत नसेल तर जोर लावू नये, हा पहिला नियम.

खरी गफलत एकाच पिढीच्या स्टिकमध्ये होते. वेग, प्रतिसादाला लागणारा काळ, विद्युतदाब आणि चिपची रचना यांत त्या भिन्न असू शकतात. डीडीआर३ला १.५ व्होल्ट लागतात, तर डीडीआर३एल १.३५ व्होल्टवर चालते. अनेक लॅपटॉपना केवळ डीडीआर३एल चालते. सर्व्हरमधून निघालेली ‘रजिस्टर्ड’ प्रकारची डीडीआर४ स्टिक घरगुती बोर्डात बसते, पण चालत नाही. अशी स्टिक स्वस्तात मिळाली तरी उपयोगाची नाही.

संथ स्टिकची चाल

प्रत्येक स्टिकवर एक छोटी चिप असते. स्टिकचा वेग किती आणि तिला किती अवधी लागतो, याची नोंद तीत असते. संगणक सुरू होताना बायोस या नोंदी वाचतो आणि दोघींना झेपेल अशी चाल ठरवितो. ३२०० व २४०० वेगाच्या स्टिक एकत्र लावल्या, तर दोन्ही साधारणपणे २४०० वर चालतात. त्यामुळे वेग घटतो, पण बिघाड होत नाही. वेगळ्या कंपन्यांच्या स्टिक एकत्र चालतच नाहीत, हा समज म्हणूनच चुकीचा आहे.

बिघाड होतो तो ही तडजोड मोडल्यावर. बायोसमधील ‘एक्सएमपी’ ही सोय स्टिकला मूळ मानकापेक्षा अधिक वेगाने चालविते. ती सुरू असताना वेगवान स्टिकची चाल दुसरीला झेपली नाही, तर चुका होऊ लागतात. चारही स्लॉट भरले की प्रोसेसरमधील मेमरी नियंत्रकावरचा भार वाढतो. डीडीआर५मध्ये तर चार स्टिक लावल्यावर वेग लक्षणीय कमी ठेवावा लागतो.

दुसरा मुद्दा मार्गिकांचा. एका मार्गिकेतून एका वेळी ६४ बिट जातात, दोन मार्गिका असल्यास १२८. त्यामुळे समान क्षमतेच्या दोन स्टिक योग्य स्लॉटमध्ये लावणे फायद्याचे. चार स्लॉटच्या बहुतेक बोर्डांवर प्रोसेसरपासून मोजलेले दुसरा व चौथा हे ते स्लॉट असतात; बोर्डाच्या पुस्तिकेत मात्र एकदा पाहून घ्यावे. ८ जीबी व ४ जीबी एकत्र असल्यास अनेक बोर्डांवर ४ अधिक ४ जीबी दुहेरी मार्गिकेत आणि उरलेली ४ जीबी एकेरी मार्गिकेत चालते.

कमी मेमरी दिसणे हा प्रत्येक वेळी दोष नसतो. ३२ बिटच्या विंडोजमध्ये ४ जीबी बसवूनही सुमारे सव्वातीन जीबीच वापरता येते. बोर्डावरील ग्राफिक्सही काही हिस्सा घेते.

आधी फायली, मग दुरुस्ती

सदोष मेमरीचा सर्वांत मोठा धोका संगणक बंद पडण्याचा नसून न बंद पडता चुका करण्याचा आहे. हार्ड डिस्कवर लिहिली जाणारी प्रत्येक गोष्ट रॅममधून जाते. तेथे एक बिट उलटला, तर छायाचित्र किंवा हिशेबाची फाइल बिघडलेल्या स्थितीत साठविली जाते आणि कोणतीही सूचना मिळत नाही. डीडीआर५च्या चिपमध्ये चूक सुधारण्याची अंतर्गत सोय आहे. मात्र चिप ते प्रोसेसर या प्रवासातील चुका ती पकडत नाही.

म्हणून शंका येताच नवी स्टिक काढावी आणि पूर्वीच्या, सुरळीत चालणाऱ्या स्टिकवरच फायलींची प्रत घ्यावी. दोन्ही स्टिक असताना घेतलेली प्रत जुन्या प्रतीवर लिहू नये. अन्यथा चांगली प्रतही हातची जाते. नवी स्टिक लावल्यानंतर साठविलेल्या महत्त्वाच्या फायली उघडून तपासाव्यात.

निदानाची पद्धत

संगणक बंद करून प्लग काढावा, चालू करण्याचे बटण काही क्षण दाबून उरलेली वीज जाऊ द्यावी आणि कॅबिनेटच्या रंग नसलेल्या धातूला हात लावून अंगातील स्थिर वीज उतरवावी. स्टिक कडेने धरावी, सोनेरी पट्ट्यांना बोट लावू नये. स्टिक बसविताना कडेची खिटी आपोआप लागली पाहिजे. अर्धवट बसलेली स्टिक हे बंद पडण्याचे अगदी साधे व वारंवार आढळणारे कारण आहे.

त्यानंतर बायोसमध्ये एक्सएमपी बंद करून एकेक स्टिक एकाच स्लॉटमध्ये आळीपाळीने लावावी. प्रत्येकीची मेमटेस्ट८६ प्लस या मोफत प्रोग्रामने पेनड्राइव्हवरून चाचणी घ्यावी. विंडोजमधील ‘मेमरी डायग्नॉस्टिक’ही प्राथमिक तपासणीस उपयोगी आहे. चाचणी रात्रभर चालू द्यावी. एकही चूक दिसली तरी ती चाचणी अनुत्तीर्ण समजावी. ‘हजारांत एखादी’ अशी सवलत येथे नाही.

निष्कर्ष असे काढता येतात. एकटी असतानाही एखादी स्टिक चुका दाखवीत असेल, तर ती स्टिक सदोष आहे. कोणतीही स्टिक एका विशिष्ट स्लॉटमध्येच बिघडत असेल, तर दोष स्लॉटचा किंवा प्रोसेसरचा आहे. दोन्ही स्वतंत्रपणे निर्दोष, पण एकत्र आल्यावर चुका, हेच खरे विजोडपणाचे लक्षण. तेव्हा बायोसमध्ये मेमरीचा वेग एक पायरी कमी करून चाचणी पुन्हा घ्यावी. विद्युतदाब वाढविण्याचा प्रयोग घरी टाळलेला बरा. वेग उतरवूनही चुका थांबल्या नाहीत, तर ती जोडी मोडणेच हिताचे.

डीडीआर५च्या संगणकात मेमरी बदलल्यानंतर पहिल्यांदा पडदा काही मिनिटे काळा राहू शकतो. त्या वेळी बोर्ड नव्या स्टिकशी जुळवून घेत असतो. घाईने वीज बंद करू नये.

विकत घेण्यापूर्वी

जुन्या स्टिकवरील लेबलाचे छायाचित्र सोबत न्यावे. पिढी, क्षमता, वेग, विद्युतदाब या चार गोष्टी जुळवाव्यात आणि न चालल्यास बदलून मिळेल, असे बिलावर लिहून घ्यावे. नवी खरेदी करायचीच असेल, तर एकाच पाकिटात विकली जाणारी जोडी घेणे सर्वांत निर्धोक. कारण त्या दोन्ही स्टिक एकत्र तपासून विकल्या जातात. जुनीत नवी मिसळायचीच असेल, तर एका रात्रीची चाचणी उत्तीर्ण होईपर्यंत त्या संगणकावर मोलाचे काही साठवू नये. नवी स्टिक पुन्हा विकत मिळते, बिघडलेले छायाचित्र मिळत नाही.