बनावट स्विचचा धडा

११ ऑगस्ट २०१८ हा महिन्यातला दुसरा शनिवार, म्हणजे बँकांना सुट्टी. त्या दुपारपासून २८ देशांतल्या एटीएममधून पुण्याच्या कॉसमॉस बँकेचे पैसे निघत राहिले. बनावट कार्डांवर परदेशात सुमारे १२ हजार व्यवहारांत ७८ कोटी रुपये गेले, भारतात अडीच कोटी. सोमवारी ‘स्विफ्ट’ या बँकांच्या आंतरराष्ट्रीय संदेशजाळ्यामार्गे आणखी १३.९२ कोटी हाँगकाँगच्या एका खात्यात वळवले गेले. १९०६ साली स्थापन झालेल्या या सहकारी बँकेला दोन दिवसांत ९४.४२ कोटींचा फटका बसला.

एरवी एटीएमची विचारणा आधी स्विचकडे, म्हणजे एटीएम आणि बँक यांना जोडणाऱ्या यंत्रणेकडे जाते, तिथून खात्यांची नोंद ठेवणाऱ्या कोअर बँकिंगकडे. शिल्लक तपासली जाते आणि मगच नोटा बाहेर येतात. हल्लेखोरांनी या वाटेत आपला बनावट स्विच उभा केला. विचारणा कोअर बँकिंगपर्यंत पोचलीच नाही. मधूनच ‘मंजूर’ असे उत्तर जात राहिले.

अशा हल्ल्याचा सराव चालू यंत्रणेवर कोण करू देईल? त्यासाठी खऱ्या यंत्रणेची हुबेहूब प्रतिकृती लागते. तिलाच सायबर रेंज म्हणतात. अमेरिकेच्या ‘डार्पा’ संस्थेने २००८च्या सुमारास राष्ट्रीय सायबर रेंजचे काम हाती घेतले, पण त्यामागची शिस्त जुनी आहे. संगणक-विषाणूचा स्वभाव कळायचा तर तो इतरांपासून तोडलेल्या संगणकावरच मोकळा सोडावा लागतो. पुण्याला ही विद्या परकी नाही. कैलास काटकर यांच्या कॅल्क्युलेटर-दुरुस्तीच्या व्यवसायातूनच, धाकटे भाऊ संजय यांनी लिहिलेल्या विषाणूरोधक प्रोग्रामच्या बळावर, १९९०च्या दशकात ‘क्विक हील’ उभे राहिले. पुढे २००७ मध्ये ‘क्लबहॅक’ ही हॅकरांची परिषदही याच शहरात भरली.

रेंज उभारताना सर्व्हरची नक्कल करणे त्यातल्या त्यात सोपे. अवघड असते ती रोजची वर्दळ: पगाराच्या दिवशीची गर्दी, चुकलेले पिन, रात्रीचे हिशेब जुळवणे. ही वर्दळ नसेल तर हल्ला लगेच उठून दिसतो आणि शिकणाऱ्याला फुकटचा आत्मविश्वास येतो. सरावात लाल चमू हल्ला करतो, निळा बचाव करतो आणि पांढरा चमू प्रसंग रचून गुण देतो. रेंजचा कस लागतो तो या तिसऱ्या चमूच्या कल्पकतेत.

कॉसमॉसच्या घटनेत तर प्रसंग आयता रचलेला आहे. आदल्याच दिवशी, १० ऑगस्टला, एफबीआयने एटीएममधून अशी जागतिक लूट होण्याचा इशारा बँकांना दिला होता. सरावातही शुक्रवारी असे एक पत्र यावे. ते कोण उघडतो, सुट्टीच्या दिवशी फोन कोणाला करतो आणि स्विच बंद करण्याचा अधिकार नेमका कोणाकडे, हे त्यातून उघड होईल. तांत्रिक कौशल्याइतकीच ही परीक्षा मोलाची आहे.

रिझर्व्ह बँकेने ऑक्टोबर २०१८ मध्ये नागरी सहकारी बँकांसाठी सायबर सुरक्षेचा मूलभूत आराखडा जाहीर केला, आणि २०१९च्या अखेरीस बँकांच्या डिजिटल सेवांनुसार चार पातळ्या ठरवल्या. हैदराबादच्या आयडीआरबीटी या बँकिंग तंत्रज्ञान संस्थेमार्फत बँकांसाठी सायबर ड्रिलही होतात. एप्रिल २०२३ मध्ये पुण्याच्या न्यायालयाने कॉसमॉस प्रकरणात ११ जणांना दोषी ठरवले.

देशात सर्वाधिक नागरी सहकारी बँका महाराष्ट्रात आहेत. एकेका छोट्या बँकेला स्वतःची रेंज परवडणार नाही. या बँकांनी एकत्र येऊन पुण्यात एक सामायिक रेंज उभारावी, आणि तिथे आयटी विभागाबरोबर शाखाधिकारी व संचालकांनाही सरावाला बसवावे.