परदेशगमन आणि स्वदेशागमन

यंदाच्या वार्षिक सभेपुढे आपल्या मंडळाच्या परदेश-शिक्षण निधीविषयी एक ठराव यावयाचा आहे. निधीतून कर्जाऊ रक्कम घेऊन अमेरिका, जर्मनी, इंग्लंड आदी देशांत शिकावयास जाणाऱ्या विद्यार्थ्याने शिक्षण पुरे होताच स्वदेशी परत यावे व निदान पाच वर्षे येथे काम करावे, असे कलम करारपत्रात घालावे, असा त्या ठरावाचा आशय आहे. कार्यकारिणीत त्यावर दोन तट पडले. ज्यांची मुले परदेशी राहिली, त्या वडीलधाऱ्या मंडळींनीच कलमाचा आग्रह अधिक धरला, ही गोष्ट नमूद करण्यासारखी आहे. त्या आग्रहामागे काय आहे हे आम्ही जाणतो. दिवाळीच्या फराळाचे डबे टपालाने पाठवावे लागणाऱ्या घरांपैकी आमचेही एक घर आहे. तथापि ठरावावर मत देण्यापूर्वी, आजवर जी माणसे गेली आणि परत आली, त्यांचे येथे काय झाले याची थोडी उजळणी व्हावी, एवढ्यासाठी हा लेखप्रपंच.

आरंभीच एक कबुली दिली पाहिजे. आज 'परत या' म्हणणाऱ्या ज्ञातिसंस्थांच्या पूर्वजांनी एके काळी 'जाऊच नका' असा हुकूम सोडला होता. १८८८ साली मोहनदास गांधी नावाचा एक तरुण कायदा शिकण्यास विलायतेस निघाला, तेव्हा मुंबईत त्याच्या मोढ वणिक ज्ञातीची सभा भरली. समुद्रगमन धर्मविरुद्ध आहे असे ठरवून त्याला वाळीत टाकण्यात आले आणि जो कोणी त्याला साहाय्य करील किंवा बंदरावर निरोप द्यावयास जाईल, त्याला सव्वा रुपया दंड सांगण्यात आला. १८९१ साली बॅरिस्टर होऊन तो परतला, तेव्हा वडीलबंधूंनी त्याला आधी नाशिकास नेऊन गोदास्नान घडविले आणि पुढे राजकोटास ज्ञातिभोजन घातले. एवढे होऊनही ज्ञातीच्या एका तटाने त्याला आत घेतले नाही. सासुरवाडीस व बहिणीच्या घरी त्याला पाणीसुद्धा घेता येत नसे. ती माणसे चोरून द्यावयास तयार होती, पण जे उघड करता येत नाही ते चोरून करणे त्याला रुचेना. परतणाऱ्यासाठी घराचे दार किती उघडे असते, याचा हा एक जुना मासला होय.

त्याआधी पाच वर्षे, १८८३ च्या एप्रिलात, अठरा वर्षांची आनंदीबाई जोशी कलकत्त्याहून अमेरिकेस निघाली होती. जाण्यापूर्वी श्रीरामपूर येथे भरलेल्या सभेत तिने आपण का जात आहोत हे उभे राहून सांगितले. स्त्रियांना स्त्री-डॉक्टर मिळावी हा तिचा हेतू होता, म्हणजे परत येणे हे तिच्या जाण्याचे कारणच होते. फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयाची पदवी तिला ११ मार्च १८८६ रोजी मिळाली. कोल्हापूर दरबाराने तिला आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयातील स्त्रियांच्या विभागासाठी नेमले होते. जागा तयार होती, माणूसही निघाले. परंतु क्षयाने पोखरलेले शरीर पुण्याच्या पुढे गेले नाही. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, वयाची बावीस वर्षे पुरी होण्यापूर्वीच, ती निवर्तली. या हकीगतीत दोष कोणावर ठेवावा हे आम्हांस कधीच उमगलेले नाही.

आता दोन माणसांची हकीगत शेजारी शेजारी ठेवून पाहू. दोघेही कोकणच्या मातीशी नाते असलेले, दोघेही असामान्य बुद्धीचे, आणि परतीच्या नोकरीवर रुजू होताना दोघांचेही वय सव्वीस वर्षे.

पहिले रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे. दापोली तालुक्यातील मुर्डी हे त्यांचे गाव. सरकारी शिष्यवृत्ती मिळवून १८९६ साली ते केंब्रिजला गेले आणि १८९९ साली गणिताच्या परीक्षेत सीनिअर रँग्लर झाले. हा मान मिळविणारे ते पहिले हिंदी विद्यार्थी. यानंतर ब्रिटिश अमदानीत कोणतीही मोठी सरकारी जागा त्यांना मिळू शकली असती. पण विलायतेस जाण्यापूर्वीच त्यांनी डेक्कन एज्युकेशन सोसायटीला आजीव सेवेचा शब्द दिला होता. तो त्यांनी पाळला आणि १९०२ साली अत्यल्प वेतनावर ते फर्ग्युसन महाविद्यालयाचे प्राचार्य झाले. त्यांच्या त्यागाची कथा आपण शाळेपासून ऐकतो आणि ती खरीच आहे. परंतु तिची दुसरी बाजू सहसा सांगितली जात नाही. ज्या संस्थेत परतावयाचे ती संस्था १८८४ पासून उभी होती. महाविद्यालय १८८५ पासून चालू होते. सहकारी ओळखीचे होते, गाव ओळखीचे होते, आणि पुण्यात या तरुणाला घर कोण देईल हा प्रश्न कोणाच्या मनातही आला नाही. वेतन थोडे होते, पण आदर भरपूर होता. असा आदर असला म्हणजे थोड्या वेतनात राहता येते.

दुसरे भीमराव रामजी आंबेडकर. वडिलांचे मूळ गाव मंडणगड तालुक्यातील आंबडवे, म्हणजे मुर्डीपासून फार दूर नव्हे. महाराजा सयाजीराव गायकवाडांच्या शिष्यवृत्तीवर ते १९१३ साली न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले, तेथून १९१६ साली लंडनला. परतल्यावर दहा वर्षे बडोदे संस्थानची नोकरी करावयाची, असा करार त्यांच्याकडून लिहून घेतला होता. आपल्या ठरावातील पाच वर्षांच्या कलमाचा हा जणू थोरला भाऊच. शिष्यवृत्तीची मुदत संपली, लंडनचा अभ्यास अर्धवट राहिला, आणि करारानुसार ते १९१७ च्या ऑगस्टात परत आले. महायुद्ध चालू होते. निराळ्या बोटीने पाठविलेली त्यांची पुस्तके त्या बोटीबरोबर बुडाली. सप्टेंबरात ते बडोद्यास रुजू झाले.

पुढे जे घडले ते त्यांनी स्वतः लिहून ठेवले आहे, आणि आपल्या घरांतील मुलांनी ते वाचावे असे आम्हांस वाटते. बडोद्यात उतरल्यावर त्यांच्यापुढे पहिला प्रश्न पडला तो अर्थशास्त्राचा नव्हे, राहण्याचा. हिंदूंच्या खाणावळीत जात विचारली जाणार. अखेर ते एका पारशी विश्रामगृहात पारशी नाव सांगून राहिले. भाडे दिवसाला दीड रुपया. वरच्या मजल्यावरील त्या खोलीशेजारी मोडके सामान भरलेले मोठे दालन होते. विजेचा दिवा नव्हता, सोबतीस दुसरा प्रवासी नव्हता, होती ती वटवाघुळे. कंदिलाच्या उजेडात पुस्तक वाचीत ते रात्र काढीत. संस्थानाकडे निवासासाठी अर्ज केला होता, त्याचा निकाल लागत नव्हता. अकराव्या दिवशी सकाळी कचेरीस निघण्याच्या वेळी हातात काठ्या घेतलेल्या दहाबारा पारशी गृहस्थांनी त्यांना गाठले आणि संध्याकाळच्या आत जागा सोडण्यास बजावले. एका हिंदू मित्राकडे विचारले, तर त्याने सांगितले की तुम्ही आलात तर माझे नोकर निघून जातील. एका ख्रिस्ती मित्राने बायको गावाहून आल्यावर तिला विचारून सांगतो, असे म्हटले. मुंबईची गाडी रात्री होती. ती येईपर्यंतचे तास त्यांनी कमाठी बागेत काढले.

दहा वर्षांचा करार अकरा दिवसांत संपला. महाराज उदार होते, नोकरी दिलेली होती, शिक्षण अव्वल दर्जाचे होते, आणि माणूसही काम करावयास आलेला होता. कमी पडले ते एक छप्पर. मुंबईत, पुण्यात, बडोद्यात त्या काळी ज्ञातिसंस्थांची वसतिगृहे व धर्मशाळा निघत होत्या. आपल्या संस्थेच्या जुन्या मंडळींना ज्याचा अभिमान वाटे त्या कार्याचाच तो काळ. त्या सर्व वास्तूंचे दरवाजे आपापल्या माणसांपुरते उघडत असत. बाग सर्वांची होती म्हणून त्यांना बागेत बसता आले. स्मरणिकेच्या पानावर हे लिहिणे काही सभासदांस रुचणार नाही याची आम्हांस जाणीव आहे.

पुढील भाग अधिक विचार करण्यासारखा आहे. १९१८ पासून सिडनहॅम महाविद्यालयात अध्यापन करून त्यांनी पैसा साठविला. कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी साहाय्य केले, नवल भथेना या पारशी मित्राने कर्ज दिले. आणि १९२० साली ते पुन्हा लंडनला गेले. बॅरिस्टर होऊन, रुपयाच्या प्रश्नावरील प्रबंधासह १९२३ साली परतले. या खेपेस कोणत्याही संस्थानाचे कलम त्यांच्या डोक्यावर नव्हते. बडोद्याचा अनुभव गाठीशी होता. तरी ते परतले, कारण येथे ज्यांच्यासाठी काम करावयाचे ती माणसे त्यांनी स्वतः ठरविली होती.

तयार जागा नसताना स्वतःच जागा निर्माण करणारेही झाले. श्रीधर व्यंकटेश केतकर कॉर्नेल विद्यापीठाची डॉक्टरेट घेऊन १९१२ साली परतले. स्थिर नोकरी काही जमेना. तेव्हा मराठीत ज्ञानकोश करण्याचा संकल्प सोडून त्यांनी चक्क कंपनी काढली, आणि नागपूर-वऱ्हाडापासून वर्गणीदार मिळवीत १९२० ते १९२९ या काळात तेवीस खंड पुरे केले. प्रपंचाची ओढाताण मात्र १९३७ साली देहावसान होईपर्यंत संपली नाही. वर्ध्याचे पांडुरंग खानखोजे यांना तर परतण्याचीच मोकळीक नव्हती. गदर चळवळीतील क्रांतिकारकाला ब्रिटिशांच्या हिंदुस्थानात तुरुंग तेवढा मिळाला असता. मेक्सिकोत मक्याच्या वाणांवर त्यांनी जे काम केले ते विदर्भाच्या शेतकऱ्याच्या वाट्यास आले असते तर, हा विचार मनात येतो. स्वातंत्र्यानंतर ते नागपुरात स्थायिक झाले आणि १९६७ साली तेथेच वारले.

स्त्रियांची गोष्ट आणखी निराळी. कमला सोहोनी यांनी केंब्रिजची डॉक्टरेट चौदा महिन्यांत मिळविली आणि १९३९ साली त्या परतल्या. दिल्ली, कुन्नूर, मग मुंबईची विज्ञान संस्था असा त्यांचा प्रवास झाला; नीरेतील पोषक द्रव्यांवरील त्यांचे संशोधन गोरगरिबांच्या आहाराशी निगडित होते. जागा मिळाली, काम मिळाले, पण संस्थेचे संचालकपद वर्षानुवर्षे लांबत गेले. परत आलेल्या मुलीला आपण हार घालतो आणि मग ज्येष्ठतेच्या यादीत तिचे नाव कोठे आहे हे पाहत नाही.

स्वतंत्र भारताच्या सरकारलाही हा प्रश्न सुटला होता असे नाही. परदेशातून परतलेल्या शास्त्रज्ञांना कायम जागा मिळेपर्यंत तात्पुरता आधार असावा, म्हणून १९५८ साली वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने 'सायंटिस्ट्स पूल' काढला. कल्पना चांगली होती. पण अशी सोय करावी लागली यातच माणसे येत होती आणि जागा नव्हती हे उघड होते. मग १९६५ साली अमेरिकेने आपला स्थलांतराचा कायदा बदलला आणि वंशानुसार ठरविलेले जुने कोटे गेले. त्यापुढे आपल्या मंडळाच्या गुणगौरव समारंभात सत्कार झालेले डॉक्टर व अभियंते कोठे गेले, हे जुन्या स्मरणिका चाळल्या म्हणजे कळते. याच काळात उलट्या वाटेने आलेलेही आहेत. वसंत गोवारीकर १९६७ साली इंग्लंडहून थुंब्यास आले ते विक्रम साराभाईंनी बोलाविल्यावरून. जयंत नारळीकर १९७२ साली केंब्रिज सोडून मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आले आणि पुढे १९८८ साली पुण्यात 'आयुका' उभी राहिली. रघुनाथ माशेलकर १९७६ साली पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत आले. देशप्रेम तिघांच्याही ठायी होते यात संशय नाही; पण तिघांनाही अमुक ठिकाणी, अमुक कामासाठी या, असे कोणीतरी म्हटले होते.

येथे एक घरची गोष्ट सांगणे भाग आहे. आमचे धाकटे बंधू १९७३ साली अमेरिकेत यंत्रशास्त्राची उच्च पदवी घेऊन नोकरीस लागले होते. आईला लिहिता येत नसे. तिची पत्रे आम्ही लिहीत असू. 'आता डोळ्यांनी दिसेनासे झाले आहे, एकदा ये' हे वाक्य तिचे नव्हते, ते आम्ही घातले. बंधू नोकरी सोडून आले. चौदा महिने त्यांनी अर्ज केले. एका कारखान्यात सांगण्यात आले की आपली पात्रता आमच्या जागेहून अधिक आहे. दुसऱ्या एका ठिकाणी मुलाखतीनंतर उत्तरच आले नाही. आम्ही त्यांना बोलाविले खरे, पण कोठे काम आहे याची चौकशी एकदाही केली नव्हती. ते गेले ते कायमचे. आई १९८१ साली गेली, तेव्हा त्यांना तार पोहोचेपर्यंत तिसरा दिवस उजाडला होता. त्या पत्राबद्दल आम्ही त्यांना पुढे सांगितले. ते म्हणाले, मला तेव्हाच कळले होते, आईने कधी डोळ्यांची तक्रार केली नाही.

म्हणून या ठरावास आम्ही एक उपसूचना दिली आहे. परतीचे कलम गाळावे. त्याऐवजी जो किंवा जी परत येईल, तिच्या कर्जाचे हप्ते पहिली दोन वर्षे थांबवावेत. आपल्या वसतिगृहाच्या वरच्या मजल्यावरील दोन खोल्या अशा परतलेल्यांसाठी सहा महिनेपर्यंत राखून ठेवाव्यात, आणि त्या देताना अर्जदार आपल्या ज्ञातीचा आहे की नाही हे विचारू नये. या शेवटच्या वाक्यावरच कार्यकारिणीत सर्वांत अधिक वाद झाला. उपसूचनेला अनुमोदन मिळाले आहे. मते सभेत पडतील. ज्या सभासदांची मुले परदेशातून परतून येथे स्थिरावली आहेत, अथवा परतून पुन्हा गेली आहेत, त्यांनी आपली हकीगत सभेपूर्वी कार्यालयाकडे लिहून पाठवावी. पुन्हा गेलेल्यांच्या हकीगती आम्हांस अधिक हव्या आहेत.